जानकी पालकसभेला आली होती

परवा शाळेत पालकसभा आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी पालकांना वेळा वाटून देण्याचं काम माझ्या गळ्यात मारलंय, आणि सकाळपासून मी नावांची यादी पुढ्यात घेऊन नुसती बसले आहे. पहिल्या नावापुढे काही माझं पेन सरकत नाही. दरवर्षी या दिवसांत हे असंच होतं, कारण जानकी आठवते. जानकी माझ्याशी तिच्या मुलीच्या गणिताबद्दल बोलायला आली होती. तिला माझी पाच मिनिटं हवी होती आणि माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. मी तिला चहा आणायला पाठवलं.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी पुढे तिच्याबद्दल गोडगोड लिहीत बसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय या बाई प्रेमळ. प्रेमळ वगैरे मी कधीच नव्हते. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हायस्कूल आहे. तिथे मी एकवीस वर्षं गणित शिकवते आहे. मी वर्गात पाऊल टाकलं की पोरांची बोलती बंद होते, आणि याचा मला चांगला अभिमान होता.

जानकी शाळेत खिचडी शिजवायची. शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे, तिथे दोन चुली आणि दोन बायका, जानकी आणि सुगंधा. जानकी उंचीने बेताची, अंगाने काटक, आणि आवाज मात्र खणखणीत. मैदानाच्या पलीकडून तिने हाक मारली की आठवीतली टोळी हातातलं टाकून ताटं घेऊन रांगेत उभी राहायची. माझ्या हाकेला तेवढी कुणी दाद देत नसे, हे मला जरा टोचायचं.

तांदूळ मोजताना ती कुणाशी बोलायची नाही. पत्र्याचं एक जुनं माप होतं तिच्याकडे. पहिलं माप टोपात ओतताना ती ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची, आणि मग दोन, तीन, चार. मधे कुणी काही विचारलं तर उत्तर नाही. मी एकदा मुद्दाम विचारत राहिले, तर तिने ओतलेले सगळे तांदूळ परत पोत्यात घातले आणि पुन्हा ‘लाभ’पासून सुरुवात केली. वर मला म्हणाली, बाई, तुमच्या वर्गात मी येऊन बडबडते का?

तिची दुसरी खोड म्हणजे ती आलेली मुलं मोजायचीच नाही. न आलेली मोजायची. कोळगावच्या जिल्हा कचेरीतून एकदा एक साहेब तपासणीला आले. त्यांनी तिला विचारलं, आज जेवायला किती? जानकी म्हणाली, अकरा नाय आली. साहेबांनी परत विचारलं, अहो, आली किती? ती परत म्हणाली, अकरा नाय आली, आणि एकेकाचं नाव घेऊन कारण सांगायला लागली. अमकीला ताप, तमक्याच्या घरी पाहुणे, पाचवीतल्या दोघी बहिणी आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेल्या, आता होळीशिवाय येत नाहीत. साहेबांनी वही मिटली. मुख्याध्यापक घामाघूम झाले, कारण हजेरीपटावर त्यातल्या चौघांची त्या दिवशी हजेरी लागलेली होती. त्यातली दोन नावं माझ्या वर्गाची. मी त्या दिवशी हजेरी घेताना मान वर करून बघितलंच नव्हतं.

आमचं दोघींचं चांगलं जमायचं. निदान मी तसं समजत होते. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधल्या राजकारणाला कंटाळले की डबा घेऊन तिच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसायची. माझं माहेर आणि सासर दोन्ही किनाऱ्याकडच्या वाडीतलं, त्यामुळे चिकू-केळी मी न्यायची आणि ती मला सुक्या जवळ्याची चटणी वाढायची. माझ्या पावलांवरून तिला कळायचं की आज वारं कुठल्या दिशेला आहे. मी व्हरांड्यातून तणतणत येताना दिसले की ती पोरांना सांगायची, आज बाईंची खिचडी तळाला लागली हाय, गप जेवा. पोरं खुसुखुसु हसायची आणि मलाही हसू यायचं. ती मला ‘बाई’ म्हणायची, ‘तुमी’ म्हणायची. मी तिला ‘अगं जानकी’ म्हणायची. ती माझ्याहून जेमतेम एका वर्षाने लहान होती. तिलाही कुणी ‘अहो’ म्हणावं, असं माझ्या मनातही कधी आलं नाही.

तिची मुलगी रोशनी आमच्याच शाळेत होती. पाचवीपासून. पण परक्या माणसाला शाळेत येऊन ही कुणाची मुलगी ते ओळखता आलं नसतं, अशी जानकीची शिस्त. रोशनी ताट घेऊन रांगेत आली की जानकी हातातला डाव सुगंधाकडे द्यायची. मुलीला स्वतः वाढायची नाही. सुगंधा वाढेल तेवढं, बाकीच्यांसारखं. शाळेत ती रोशनीला हाकसुद्धा मारायची नाही. एकदा रोशनी खेळताना पडली, गुडघा फुटला, पोरं पळत खिचडीघराकडे आली. जानकी जागची हलली नाही. म्हणाली, वर्गाच्या बाईंना सांगा. मग सगळी टोपं घासून, खोलीला कडी लावून, शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावर तिने पोरीला जवळ घेतलं आणि गुडघा बघितला. मी तिला म्हटलं, काय गं दगड तू. तर म्हणाली, बाई, खिचडीच्या वाटेनं मी पोरीचं काय करून घेनार नाय. शाळेत मी तिची आय नाय.

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितलं होतं, चारचौघांत. पुढे जे झालं ते या वाक्यामुळेच झालं. ते मला कळायला हवं होतं.

रोशनी मुलगी म्हणून गुणी. मराठीच्या सरांची लाडकी, प्रार्थनेला पुढे उभी राहणारी. गणित म्हटलं की मात्र तिच्या अंगातलं सगळं पाणी जायचं. आठवीत तिला माझा वर्ग मिळाला. फळ्यापाशी बोलावलं की खडू हातात घेऊन उभी राहायची, डोळे खाली, अंगठ्याने खडूची पूड करत. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडले, चौथ्यांदा बोलावणंच सोडून दिलं. चाळीस पोरं असतात वर्गात, असं मी स्वतःला सांगत होते. तिच्या पेपरवर मी लाल शाईने लिहायची, ‘लक्ष नाही, सराव नाही’. आठवीतही तेच लिहिलं आणि नववीतही.

आठवीपर्यंत पोरं वर ढकलली जातात. नववीत तसं नसतं. रोशनीचा बाप लक्ष्मण तारापूरला एका कंपनीत कंत्राटावर कामाला होता, आठवडाभर बोईसरला बहिणीकडे राहायचा आणि रविवारी गावी यायचा. नववीच्या सहामाहीत रोशनी गणितात गडगडली तेव्हा त्याने सांगितलं, वार्षिकात नापास झाली तर शाळा बंद, मी तिला बोईसरला नेतो. जानकी त्याच्याशी दोन दिवस भांडली. शेवटी तो एवढ्यावर आला की गणिताच्या बाई स्वतः म्हणाल्या, पोरीला जमेल, तर नापास झाली तरी मी तिला आणखी एक वर्ष बसू देईन. बाई काय म्हणतात ते विचारून ये. एवढीच अट होती. बाई म्हणजे मी.

यातलं मला तेव्हा काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि जानकी रोज माझ्यासमोर होती. रोज दुपारी तिच्या हातची चटणी मी खात होते. तिने नुसतं ‘बाई, जरा रोशनीचं’ असं म्हटलं असतं तरी झालं असतं, असं कुणालाही वाटेल. मलाही खूप दिवस तसंच वाटत होतं, तेवढाच स्वतःला आधार. पण शाळेत ती रोशनीची आई नव्हती. आई म्हणून बोलायचं तर पालकसभेला, पालकांच्या रांगेतून, पालकांच्या खुर्चीत बसून, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने आठ दिवस तयारी केली. हे मला नंतर सुगंधाने सांगितलं. टोपं घासून झाली की सुगंधा पालथ्या टोपावर बसायची आणि मी व्हायची. म्हणजे भुवया वर, चष्मा नाकावर, आणि ‘पुढचं बोला, वेळ नाही’. जानकी समोर बसून बोलायची सवय करायची. आधी बाईंना नमस्कार करायचा. मग लगेच गाऱ्हाणं नाही, आधी सांगायचं की बाई शिकवतात ते पोरगी घरी येऊन सांगते. मग वह्या काढायच्या. मग शेवटी बापाचं. दोघी हसून हसून लोळायच्या म्हणे. पण हसून झालं की जानकी परत पहिल्यापासून सुरू करायची, मापासारखंच.

वह्यांचा प्रकार तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. दुपारी मी व्हरांड्यातून बघितलं, जानकी खोलीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली, मांडीवर वही, आजूबाजूला आणखी पाचसहा वह्या. बोट एकेका ओळीवर ठेवून बघत होती. दुसरीत शाळा सुटलेली बाई, आकडे ओळखायची, बेरीज बोटांवर करायची, भागाकार तिच्या गावीही नसणार. मला गंमत वाटली. मी लांबूनच ओरडले, काय जानकी, दहावीला बसतेस की काय? तिने पटकन पदर वह्यांवर ओढला आणि हसली. मी पण हसत पुढे गेले. दोन पावलं तिच्याकडे चालत गेले असते तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

पालकसभा शनिवारी होती. जानकीने सकाळी स्वैपाक आटपला, वाढायचं काम सुगंधावर सोपवलं आणि मुख्याध्यापकांकडून सुट्टी मागून घेतली. तिने कधी सुट्टी मागितल्याचं मला आठवत नाही. दोन किलोमीटर चालत घरी गेली, अंघोळ केली, जांभळ्या रंगाची ठेवणीतली साडी नेसली, केसांत अबोली माळली. परत आली ती मागच्या दाराने नाही, पुढच्या फाटकातून. वर्गाबाहेर पालकांची रांग होती, तिच्या शेवटी जाऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत वह्या.

मी आत तापलेली होते. कुणाचा बाप हिंदीत भांडून गेला होता की पेपर कठीण काढता, कुणाची आई रडून गेली होती. निकालाचे आकडे त्याच दिवशी वर पाठवायचे होते आणि इंटरनेट बंद पडलं होतं. पंखा नव्हता. दीड तासाने जानकीचा नंबर आला. ती आत आली, टेबलापाशी उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसायला मी सांगेन म्हणून थांबली होती. मी मान वर केली.

“अगं जानकी, तू कशाला रांगेत? आणि हे काय, कुणाच्या लग्नाला निघालीस?” मी म्हटलं. “तू काय, घरचीच आहेस. आपण सोमवारी डबा खाताना बोलू. आधी बघ बरं, या सगळ्यांना चहा मिळाला का. मला पण आण, डोकं उठलंय.”

 पिशवीतून वही अर्धी बाहेर काढलेली होती, ती तिने आत सारली. खुर्चीवरचा हात काढला. “आनते,” म्हणाली. आणि त्या ठेवणीतल्या साडीत, डोक्यात अबोली, ती ट्रे घेऊन आली आणि रांगेतल्या सगळ्या पालकांना तिने चहा दिला. मलाही दिला. मी पुढच्या पालकाशी बोलता बोलता कप उचलला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी ती बोलली नाही. मी विसरून गेले. विसरले म्हणजे काय, माझ्या लेखी ते काही लक्षात ठेवण्यासारखं नव्हतंच. त्यानंतर माझा चहा सुगंधा आणून द्यायला लागली. मी डबा घेऊन गेले की जानकीला नेमकं पाणी भरायला जायचं असायचं. चटणीचा डबा मात्र माझ्यासाठी फळीवर ठेवलेला असायचा. मला वाटलं, घरी काही असेल, बायकांचं चालतंच. मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये रोशनी गणितात नापास झाली. थोडक्यात गेली. फेरपरीक्षेला ती आली नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पटावर तिचं नाव नव्हतं. मी खिचडीघरात जाऊन विचारलं, रोशनी कुठाय गं? जानकी तांदूळ मोजत होती. मला वाटलं उत्तर देणार नाही, पण या वेळी तिने मधेच थांबून दिलं. बोईसरला हाय, बापाकडं, आतेची पोरं सांभाळते. एवढं बोलून तिने पुढचं माप ओतलं. मी म्हटलं, अगं पण असं कसं, मला सांगायचंस तरी. तिने आणखी एक माप ओतलं. मला तर उलट तिचाच राग आला, की या लोकांना शिक्षणाचं काही नाहीच. ‘या लोकांना’. हे मी मनातल्या मनात म्हटलं होतं, तरीही ते मला रोज ऐकू येतं.

गणपतीची सुट्टी संपली आणि जानकी कामावर आलीच नाही. निरोप आला की तीही बोईसरला राहायला गेली. तिच्या जागी दुसरी बाई आली. खोलीची साफसफाई करताना सुगंधाला डब्यांच्या मागे एक कापडी पिशवी मिळाली, ती घेऊन ती माझ्याकडे वर्गात आली. सुगंधा एरवी बडबडी. त्या दिवशी तिने नुसती पिशवी टेबलावर ठेवली. मी विचारलं, काय आहे? तेव्हा तिने सगळं सांगितलं. पालथं टोप, नमस्कार, बापाची अट, सगळं. शेवटी म्हणाली, “बाई, आठ दिस तयारी केलती तिनं. तुमी चा मागवलात.”

मी तिला विचारलं, ती मला काय सांगणार होती? सुगंधाला पाठ होतं. आठ दिवस तिनेच ऐकलं होतं ना. ती जानकीच्या आवाजात बोलायला लागली.

“बाई, पोरगी ढ नाय. ती एकाच जागी अडकते. मना ती जागा गवसली हाय, पन मना येत नाय ते सांगाया. तुमी बघा. आनि तिच्या बापाला एकदा सांगा, का पोरगी करील.”

वह्या मी घरी नेल्या. संध्याकाळी ओटीवर बसून उघडल्या. पाचवीपासूनच्या होत्या. पानापानावर काही गणितांशेजारी पिवळा ठिपका होता, हळदीच्या बोटाचा. आधी मला वाटलं स्वैपाकाचे डाग आहेत. मग मी ठिपका असलेली गणितं एकाखाली एक लिहून काढली. सहाशे बाराला सहाने भागा. रोशनीचं उत्तर, बारा. त्यावर फुली आणि शेजारी लाल शाईत बरोबर उत्तर, एकशे दोन. आठशे चोवीसला आठने भागा. तिचं उत्तर, तेरा. लाल शाईत, एकशे तीन. सगळी तशीच. भाग जात नाही तिथे वर शून्य मांडायचं असतं, ते ती मांडतच नव्हती. तिला ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं त्या दिवशी ती शाळेत नसेल. पाचवीतलं ते एक शून्य राहिलं आणि त्यावर रचलेलं सगळं वाकडं गेलं, थेट माझ्या नववीपर्यंत.

जानकीला भागाकार येत नव्हता. तिने एवढंच बघितलं होतं की जिथे जिथे बाईंची फुली, तिथे बाईंच्या लाल उत्तरात मधे पूज्य आहे आणि पोरीच्या उत्तरात नाही. काय आलंय ते नाही, काय नाही आलं ते बघणारी बाई ती. आणि ती लाल उत्तरं आठवी-नववीच्या वह्यांत माझ्या हाताने लिहिलेली होती. एकदा नाही, पन्नास वेळा. मी ते शून्य स्वतः लिहीत होते आणि मला ते दिसत नव्हतं. मी खूप रडले त्या संध्याकाळी. रडून काय होणार होतं, पण रडले.

रविवारी सुगंधाकडून पत्ता घेऊन मी बोईसरला गेले. कंपन्यांच्या बाजूला, जिथे नाकाला तो औषधासारखा वास सोडत नाही, तिथे एका चाळीत त्यांची खोली होती. शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे. जानकी दारातच भाजी निवडत बसलेली. मला बघून ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, या. रोशनी आत होती. पाच-सहा महिन्यांत थोराड झाली होती पोरगी. कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत होती, ती घरी बसून मजुरीवर खोक्यांना घड्या घालायची. लक्ष्मण खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

मी इकडचं तिकडचं बोललेच नाही. रोशनीला जवळ बसवलं आणि एका खोक्याच्या पाठीवर सहाशे बारा भागिले सहा मांडलं. सहा एके सहा. आता एक खाली आला, त्यात सहाचा भाग जातो का? नाही. मग वर काय मांडायचं? तिचा अंगठा खोक्याच्या कडेवर फिरायला लागला. मी म्हटलं, काहीच गेलं नाही, तर काहीच नाही याची खूण मांड. तिने शून्य काढलं. मग दोन खाली घेतला, बारा झाले, सहा दुणे बारा. एकशे दोन. मी आठशे चोवीस दिलं. तिने एका दमात केलं. आणखी एक दिलं, तेही बरोबर. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

तिने खोक्यावरच्या आकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “एवढंच होतं, बाई?” तिने विचारलं.

 मी लक्ष्मणकडे वळले आणि ते वाक्य, जे मी तेव्हा म्हणायचं होतं, ते म्हटलं. रोशनीला गणित जमेल, मी सांगते, तिला परत पाठवा, मी स्वतः बसवून शिकवीन. तो वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, हे तवा सांगाया पायजे व्हतं. त्या शनिवारी मी खाडा करून घरी आल्तो. ही शाळेतून येईल नि सांगेल, म्हनून दारात बसून वाट बघत व्हतो.” दाखला काढून झाला होता. खोक्यांच्या कामाचं पुढे ठरलेलं होतं. मी रोशनीला विचारलं, तू काय म्हणतेस? ती खाली बघत म्हणाली की आता नको बाई, लहान पोरींबरोबर बसायची लाज वाटते. आणि तिने पुढचं खोकं उचलून घडी घालायला घेतलं.

लक्ष्मण तेवढ्यावर थांबला नाही. बायको त्या दिवशी घरी आली आणि बोलणं झालं नाय म्हणाली, म्हणजे बाईंनाच पोरीची आशा नाही असं मी समजलो, हे तो दोनदा म्हणाला. तेव्हा जानकी पहिल्यांदा मधे पडली. “त्या दिवशी रांग लय व्हती,” ती त्याला म्हणाली. “बाईंना टाइम नव्हता.” तो परत खाटेवर बसला. माझी बाजू तिने अशी नवऱ्यापुढे सांभाळली, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

निघताना ती मला रिक्षाच्या नाक्यापर्यंत सोडायला आली. वाटेत शाळेचं विचारलं. नवी बाई मीठ नीट घालते का, सुगंधाचा पाय दुखायचा तो कसा आहे. वह्यांचं तिने काही विचारलं नाही. नाक्यावर पालघर स्टेशनची रिक्षा भरत होती. मी तिचा हात धरला. आमच्यात ती पद्धत नव्हती, मी तिचा हात कधी धरला नव्हता.

“जानकी, माझं चुकलं,” मी म्हटलं.

आमच्याकडे असं कुणी म्हटलं की समोरचं माणूस म्हणतं, राहू द्या हो, असं काय बोलता. मी त्याचीच वाट बघत होते. शिक्षक माणसाला तेवढी सवय असते. जानकीने माझ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही, रडवेल्या चेहऱ्यानेही नाही.

“हां बाई,” ती म्हणाली. “चुकलं.”

मग तिने तिचा हात सोडवून घेतला. रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं की बाईंना मागच्या सीटवर कडेला बसव, त्यांना मधे बसून मळमळतं. मी बसले. रिक्षा सुटेपर्यंतही ती थांबली नाही. भाजी अर्धी निवडायची राहिली होती, ती गर्दीतून वाट काढत घराकडे निघूनसुद्धा गेली.